तळे झाडणारी माणसे

सावलीला समुद्र नाही. पण तळी आहेत, आणि तळ्यांवर पोट भरणारे ढिवर आहेत. परवा एका पाळीवर उभा राहिलो, तो समोर पाण्यापेक्षा बेशरमीची झुडपेच जास्त! १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली. पुढे रोहू-कटल्याचे बीज आले. इथल्या मरळ-शिंगी विरळ झाल्या.

वैनगंगेच्या वरच्या अंगाला, गोंदिया जिल्ह्यात, पतिराम तुमसरे, शालू कोल्हे आणि ढिवर बायामाणसांनी बेशरम उपटली, पाणवनस्पती लावल्या. माशांना अंडी घालायला आडोसा मिळाला. हरवलेली मासळी परतू लागली.

दिवाळीला आपण घर झाडतो. त्यांनी तळे झाडले. मी पाहिलेले तळे मात्र अजून वाट पाहते आहे.