चंद्रपुरात घर घेताना आधी जमीन तपासा

तुकूम, दाताळा रस्ता, पडोली, ऊर्जानगर. चंद्रपूर अशा बाजूंना पसरतंय. लेआऊटमधलं तयार घर बघायला गेलं की विकणारा आधी हॉल दाखवतो, मग किचन. कागद हातात येईपर्यंत आपण खोल्यांचा विचार बाजूला ठेवावा, कारण इथल्या जमिनीवर जंगल, नदी आणि कोळसा या तिघांचाही हक्क असू शकतो.

पहिला कागद सातबारा, म्हणजे जमीन कोणाची आणि किती याची सरकारी नोंद. नगर भूमापन झालेल्या भागात त्याऐवजी आखीव पत्रिका मिळते. मालकाचं नाव जुळलं की बरेच जण तिथंच थांबतात. आपण 'इतर हक्क'चा रकाना वाचावा. बँकेचा बोजा, वारसांची नावं, विक्रीवरची बंदी तिथं लिहिलेली असते. 'भोगवटादार वर्ग २' दिसलं तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही.

मग अकृषक आदेश, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरण्याची परवानगी, आणि मंजूर लेआऊटचा नकाशा मागावा. आपला प्लॉट नकाशातल्या खुल्या जागेवर तर नाही ना, हे जागेवर जाऊन मिळवून बघावं.

पूर्व विदर्भातली खास अडचण झुडपी जंगलाची. महसूल खात्याच्या जुन्या नोंदीत हे नाव लागलेल्या जमिनींवर आज वस्त्या, शाळा, कचेऱ्या उभ्या आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमीनच ठरवल्या. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित होण्याची वाट ठेवली. म्हणून तलाठ्याकडून जुने फेरफार आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापराच्या जमिनींची नोंद) काढून घ्यावं. "इथं सगळ्यांचीच घरं आहेत" हे उत्तर पुरेसं मानू नये.

गडचिरोलीकडे घेत असाल तर मूळ मालक आदिवासी होता का, हेही तपासा. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. स्टॅम्प पेपरवरच्या नोटरीनं हा कायदा टळत नाही, आणि टळू नये. तो आदिवासी कुटुंबांच्या जमिनी वाचवण्यासाठीच आहे.

आता पाणी. वर्धा नदी फुगली की तिला मिळणाऱ्या इरई नदीचं पाणी पुढं सरकत नाही, मागं दाटतं. इरई धरणाचे दरवाजे उघडले की त्यात भर पडते. पूररेषेचा नकाशा महापालिकेत बघावा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या अगदी लगत, नवं बांधकाम चालत नाही. घराला नवा रंग असेल तर जिन्याखाली आणि मीटरच्या पेटीमागं बघा. पुराच्या पाण्याची मातकट रेघ तिथं राहून जाते.

खाणीजवळ घर असेल तर खाली जुनी भूमिगत खाण आहे का, हे विचारा. ऑगस्ट २०२२ मध्ये जिल्ह्यातल्याच घुग्घूसला एक राहतं घर जमिनीत गडप झालं. तिरप्या भेगा, अडकणारी दारं दिसली तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नये.

परिसर संध्याकाळीही बघावा. दुर्गापूर, ऊर्जानगरकडे बिबट वस्तीत येतो. रस्त्यावर दिवे आहेत का, मागं काटेरी झुडपं किती, कचरा कुठं पडतो, हे महत्त्वाचं. गच्चीच्या कठड्यावर हात फिरवला की जवळच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेचाही अंदाज येतो.

हे सगळं होईपर्यंत इसार देऊ नये. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि मगच दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत करावं. भाड्यानं घेत असाल तर अकरा महिन्यांचा करारही नोंदवूनच घ्या. ती जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे.