श्वास रोखला म्हणजे फुफ्फुसं तपासली का?

व्हॉट्सॲपवरचा तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. ठिपका रेघेवरून सरकतो, तो टोकाला पोचेपर्यंत श्वास रोखायचा. पोचला की तुमची फुफ्फुसं ठणठणीत!

मी तो पप्पांना फॉरवर्ड केला होता. आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेतले. पप्पांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवले, आता जिना चढताना त्यांना दम लागतो. पण व्हिडिओत पास झाले आणि डॉक्टरकडे जाणं दोन महिने टाळलं. मी इंजिनिअर असून आधी विचारच केला नाही, की ही टेस्ट नेमकं मोजते काय?

खरी टेस्ट काय मोजते?

खरी टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री. छातीभर श्वास घेऊन नळीत जोरात फुंकायचं, हवा संपेपर्यंत. मशीन दोन आकडे देतं: पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा आणि एकूण हवा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. इनहेलर दिल्यावरही उत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर साधारणपणे श्वासनलिकांत अडथळा आहे असं धरतात. पप्पांचे आकडे होते १.८ आणि २.९ लिटर. म्हणजे ०.६२.

श्वास रोखताना हवा बाहेरच येत नाही, मग वेग कळणार कसा?

फोन हे करू शकतो का?

थोडंफार. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१२ मध्ये ‘स्पायरोस्मार्ट’ ॲप बनवलं. फोन हातभर लांब धरून फुंकायचं. माइक आवाज टिपतो आणि त्यावरून अल्गोरिदम हवेच्या वेगाचा अंदाज बांधतो. ५२ जणांच्या चाचणीत स्पायरोमीटरच्या तुलनेत सरासरी चूक ५ टक्क्यांच्या आसपास होती. हैदराबादच्या सॅल्सिट कंपनीचं ‘स्वासा’ खोकल्याच्या आवाजावरून अंदाज घेतं.

पण सरासरी चूक कमी म्हणजे प्रत्येकाची कमी असं नाही. म्हणून कुठलंही ॲप टाकण्याआधी बघा:

- कोणत्या मशीनशी आणि किती लोकांवर तुलना केली?
- मंजुरी आहे का? निदान करणारं सॉफ्टवेअर भारतात २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं.

मग फोन कशासाठी वापरायचा?

नोंदीसाठी. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा आजार होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची ओळखीची खूण. घरात कुणी माग, सूत किंवा कापसाच्या कामात असेल, तर दम कधी लागतो ते वार-तारखेसह नोट्समध्ये लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. पप्पांचे इनहेलर आता सुरू झालेत. त्याचं रिमाइंडर मात्र माझ्याच फोनवर आहे.