गाडीवरची पावरी

धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून पश्चिमेला कुडाशी, वार्सा, बारीपाडा या अंगाला गेलं, की लग्न ठरलेल्या घरात लवकरच एक प्रश्न निघतो: बँड कोणाचा? आचाऱ्याचं, मांडवाचं नंतर बघता येतं. ऐन सिझनात चांगली गाडी मोकळी मिळत नाही, म्हणून घरातली तरुण पोरं आधी तिची सुपारी देऊन टाकतात.

इथं गाडी म्हणजे अख्खा बँड. पिकअप किंवा टेम्पोच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा जोडलेला असतो. त्यात बेसचे आणि टॉपचे स्पीकर रचलेले, वर कर्ण्यांची रांग, कडेनं एलईडीच्या पट्ट्या, मागं जनरेटर. कीबोर्डवाला, ऑक्टापॅडवाला आणि बॅन्जोवाला वर दाटीवाटीनं बसतात. गायक-गायिका कॉर्डलेस माइक घेऊन गाडीपुढं चालतात. दर्शनी फ्लेक्सवर देवाचं किंवा मालकाच्या मुलाचं नाव, त्यापुढं 'म्युझिकल बँड', खाली गावाचं नाव आणि मोबाइल नंबर.

गाडीपुढं बाया-माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून एकच लांब रांग धरतात. पाऊल पुढं, पाऊल मागं करत ती रांग वळत जाते आणि अंगण मोठं असेल तर गोल होते. आजीच्या शेजारी नातू, नवरदेवाच्या मामाशेजारी कॉलेजात जाणारी पोर. हे तासन्‌तास चालतं. एक गाणं संपलं, टाळ्या झाल्या, मग दुसरं, असा प्रकार नाही. ऑक्टापॅडवरचा ताल धरलेलाच राहतो आणि त्यावरची धून बदलत जाते: कोकणी (म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीतली), मग अहिराणी, मधेच गुजराती, एखादं हिंदी, पुन्हा कोकणी. आणि नाच जरा सैल पडला, की रांगेतून कोणीतरी ओरडतं, "दादा, पावरी लावा!"

स्वतंत्र बँड म्हटलं, की आपल्या वर्तमानपत्रांना पुणे-मुंबई आठवते. पुण्याच्या 'ईझी वाँडरलिंग्ज'वर लिहून येतं, अभंगांना रॉकच्या साजात गाणाऱ्या 'अभंग रिपोस्ट'वर येतं, आणि ते यायलाच हवं. इंग्लंडमध्ये १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं उसनवारी करून स्वतःची हजार तबकड्यांची आवृत्ती काढली, त्याचा इतिहास आजही सांगितला जातो, कारण कुठल्याही कंपनीचं दार न ठोठावता गाणं लोकांपर्यंत नेता येतं हे त्या पोरांनी दाखवलं. पण स्वतःचं भांडवल, स्वतःची बोली, स्वतःच्या चाली आणि समोर नाचणारा स्वतःचा श्रोता ही कसोटी लावली, तर साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले, नवापूरकडचे आणि घाटाखालच्या, गुजरातेतल्या डांगातले हे म्युझिकल बँड तिला पूर्ण उतरतात. मी त्यांना खान्देशातलं सर्वांत जिवंत पॉप संगीत मानतो. त्यांच्याकडं तसं पाहिलं जात नाही, याचं कारण एवढंच की ते तिकीट लावून वाजवत नाहीत, सुपारीवर वाजवतात.

त्यांच्या चालींचं मूळ दोन ठिकाणी सापडतं. एक भोवाडा. साक्री, बागलाण, सुरगाणा, पेठ या डोंगरपट्ट्यात मुखवट्यांची सोंगं रात्रभर नाचतात आणि प्रत्येक सोंगाची चाल वेगळी असते. गणपती येतो तो एका चालीवर, नरसिंह दुसऱ्या, रावण तिसऱ्या. सांबळ आणि पिपाणीवाल्यांना या सगळ्या चाली तोंडपाठ लागतात, आणि एकीतून दुसरीत शिरताना ताल सुटून चालत नाही. गाडीवर न थांबता चालणारा आजचा नॉनस्टॉप हा त्याच शिस्तीचा वारस आहे. ऑक्टापॅडवर बसलेल्या पोराला कोणी शाळेत ताल शिकवलेला नसतो, पण त्याच्या कानात रात्रभराचं सांबळ असतं.

दुसरं मूळ डोंगऱ्यादेवाचं. मार्गशीर्षात कोकणी आणि भिल्ल पाड्यांवर हा उत्सव बसतो, पौर्णिमेला त्याची सांगता होते. व्रत धरलेले ते माऊल्या, पावरी वाजवून त्यांना नाचवणारा तो पावरकर. पावरी घुमू लागली, की माऊल्यांच्या अंगात वारं येतं. या वाद्याला उत्सवात केवढा मान आहे ते तिथं दिसतं.

पावरी हाताळून पाहण्यासारखी असते. वाळवलेला दुध्या भोपळा हा हवेचा साठा. त्यात शेजारीशेजारी बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत बारीक चिरून घेतलेली पाती, सांध्यांना मेण, टोकाला बैलाचं शिंग, सजवायला मोरपिसं. वादक नाकानं श्वास घेतो तेव्हा गालात धरलेली हवा सोडत राहतो, त्यामुळं आवाज मुळी तुटतच नाही. दोन नळ्यांचा सूर कधी तंतोतंत जुळत नाही, म्हणून त्या आवाजाला सतत एक थरथर असते. स्वर मोजके. पण त्या मोजक्या स्वरांत घाटापलीकडं ऐकू जाणारा जोर असतो.

मग ही पावरी गाडीवर का नाही? अडचण सुराची आहे. प्रत्येक पावरीचा सूर तिच्या भोपळ्यानं आणि बांबूनं ठरवलेला, तो वर-खाली करता येत नाही. गायिकेला पट्टी बदलून हवी, बॅन्जो दुसऱ्या सुरात लावलेला, वर जनरेटरची घरघर. या सगळ्यांत पावरकरानं सहा-सात तास फुंकायचं म्हणजे छातीची परीक्षा. कीबोर्डवर एक बटण दाबलं की पट्टी बदलते. म्हणून पावरी कीबोर्डमध्ये गेली.

ती कशी गेली हे समजून घेण्यासारखं आहे. खऱ्या पावरीचा एखादा स्वर रेकॉर्ड करायचा, साफ करायचा आणि मशीनमध्ये भरायचा. रोलँडच्या एक्सपीएस-१० सारखे परवडणारे कीबोर्ड पेनड्राइव्हवरून असा आवाज घेऊ शकतात, म्हणूनच बँडवाल्यांत ते एवढे पसरले. मशीन तो एक स्वर ताणून सगळ्या पट्ट्यांवर पसरवतं. पण ताणलेला स्वर वर गेला की चिरका होतो आणि त्यातली थरथर घाईची होते, खाली गेला की तो जाड आणि सुस्त होतो. चांगला कीबोर्डवाला म्हणून पावरीच्या टोनवर मधल्या सप्तकाबाहेर जात नाही. त्याचा डावा हात बघावा: तो बेंडच्या चाकावर असतो, आणि स्वराला खालून हलका उचलून जागेवर आणतो. उजव्या हातात स्वरांमध्ये फट पडू द्यायची नाही, कारण खऱ्या पावरीत फट नसते. एकच स्वर दोनदा हवा असेल तर बोट उचलायचं नाही, शेजारच्या पट्टीला निसटता स्पर्श करून परत यायचं. हे ज्याला जमतं त्याच्या गाडीला सुपारी जास्त. नुसता टोन भरून कोणी पावरीवाला होत नाही, आणि नाचणाऱ्या रांगेला तो फरक लगेच कळतो. पावलंच पडत नाहीत नीट.

हे टोन एका बँडकडून दुसऱ्याकडं जातात, विकले जातात, भेट दिले जातात, कधी न विचारता उचललेही जातात. ज्या पावरकराच्या फुंकेतून तो मूळचा स्वर घेतला, त्याचं नाव फाइलीवर नसतं. हे मला खुपतं.

बाकीची वाद्यं लांबून आली आहेत. पितळी बँडची चाल इंग्रजांच्या पलटणींमधून लग्नाच्या वरातीत शिरली. मेरठच्या नादिर अली कंपनीनं १८८५ पासून देशभरच्या बँडवाल्यांना वाद्यं पुरवली. आपण बॅन्जो म्हणतो ते टाइपरायटरसारख्या बटणांचं वाद्य १९१२ साली जपानातल्या नागोयात जन्मलेल्या ताइशोगोतोचं वंशज आहे, आणि रोलँडनं पहिला ऑक्टापॅड काढला तो १९८५ साली. यातलं काहीच खान्देशात तयार झालेलं नाही. पण ऑक्टापॅडच्या आठ चौकोनांपैकी दोनांवर सांबळाचा धूम आणि चाटी भरून घ्यायची, हे इथल्या पोरांनी ठरवलं. बाहेरची वस्तू आपल्या कामाला लावायची ही रीत पाड्यावर नवी नाही.

सिझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, पण खरा जोर होळीनंतर. ऊसतोडीला बारडोलीकडं गेलेल्या टोळ्या परत येऊ लागतात, हातात पैसा असतो, शेतं मोकळी असतात. मग आखाजीच्या आसपास तर एका गाडीला आज इथं हळद, उद्या तिथं लग्न, परवा डांगात, असं होतं. पोरं गाडीतच झोपतात. मिळालेल्या पैशातून आधी डिझेल, मग हप्ता, मग दुरुस्ती, आणि उरलेल्याच्या वाटण्या. कीबोर्डवाल्याचा आणि गायिकेचा वाटा मोठा, वायरी ओढणाऱ्या पोराचा लहान. पाऊस पडला की गाडीवर ताडपत्री पडते आणि बँडवाले भात लावायला जातात.

आवाजाबाबत मात्र मी बँडची बाजू घेणार नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद हवा, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. गाड्यांच्या स्पर्धेत बेसचे डबे वाढत गेले, आणि त्याचा पहिला फटका बसतो तो डब्यांपासून हातभर अंतरावर बसलेल्या कीबोर्डवाल्याच्या कानाला. चाळिशीत बहिरा झालेला वादक बँडच्या काय कामाचा? पावरीचा टोन मोठ्या बेसमध्ये बुडतो, हे ज्यांना कळतं अशा बँडनी डबे कमी करून पाहावेत. रांग नाचते ती धुनेवर.

हे बँड ज्या वाऱ्यात वाढले तो खान्देशभर वाहतो आहे. सुरुवातीला कॅसेटी होत्या, मग बाजारच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायची, आणि २०१६च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर यूट्यूब पाड्यापर्यंत पोचलं. 'केसावर फुगे' घेऊन सचिन कुमावत आणि अण्णा सुरवाडे, 'हाई झुमका वाली पोर' घेऊन भैय्या मोरे आणि अंजना बर्लेकर महाराष्ट्राबाहेरही ऐकले गेले. शाळेत ज्या अहिराणीवर हसलं जायचं, तिच्यावर पुण्या-मुंबईच्या हळदी नाचू लागल्या. ही गाणी गाडीवर आली की बँड ती जशीच्या तशी वाजवत नाही. चाल थोडी संथ होते, मधे पावरीचा तुकडा घुसतो, दोन ओळी कोकणीत होतात. नवापूरकडच्या रोडाली आणि गुजरातेतल्या टिमलीचा ठेकाही असाच मिसळतो. याच मिसळणीतून पुढच्या सिझनची नवी धून निघते. ती कोणी केली? बहुतेकदा एखाद्या कीबोर्डवाल्यानं, रात्री दोनच्या सुमाराला, रांग सैल पडू नये म्हणून.

लग्नात दुसऱ्याची गाणी वाजवण्याबद्दल बँडवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांतल्या वादनाला सूट आहे. ही सूट वाजवण्यापुरती; रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवलं की हिशेब वेगळा. पण त्याच कायद्याची दुसरी बाजू बँडवाल्यांच्या फायद्याची आहे आणि ती त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. स्वतः रचलेल्या धुनेवर रचणाऱ्याचा हक्क रचल्या क्षणीच लागू होतो, नोंदणीची सक्ती नाही. २०१२च्या दुरुस्तीनं संगीतकार आणि गीतकार यांच्या मानधनाच्या वाट्याला संरक्षण दिलं. १९६९ पासून चालत आलेल्या 'आयपीआरएस' या संस्थेचं सभासद होऊन हा वाटा मागता येतो. त्यासाठी एक गोष्ट हाताशी असलेली बरी: धून कोणाची, कधी केली, याचा लेखी पुरावा.

म्हणून बँडमालकांना विनंती, की सिझन संपल्यावर एक वही करा. प्रत्येक नव्या धुनेपुढं तारीख, करणाऱ्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव लिहा, आणि मोबाइलवर साधं रेकॉर्डिंग ठेवा. पावरीचा टोन ज्याच्या वाद्यावरून घेतला त्या पावरकराचंही नाव लिहा, आणि जमलं तर सिझनला एकदा त्याला त्याचा वाटा पोचवा. आणि लग्नाचे व्हिडिओ चढवणाऱ्या प्रत्येकाला सांगणं, की खाली नवरा-नवरीच्या नावासोबत बँडचं, गायिकेचं आणि कीबोर्डवाल्याचं नाव टाका. त्याला एक मिनिटही लागत नाही.