मुग्गोवालहून चॅम्पियन्स लीगकडे

ऑगस्ट 2022 च्या मध्यावर फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. न्यायालयाने नेमलेली समिती महासंघाचा कारभार पाहत होती आणि ही बाहेरची ढवळाढवळ फिफाला मान्य नव्हती. आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या गोकुलम केरळच्या मुलींना सामना न खेळताच परतावं लागलं. त्याच आठवड्यात, 18 ऑगस्टला, मागच्या हंगामापर्यंत याच गोकुलमकडून खेळलेली मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉन लेडीजतर्फे रीगाच्या संघाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली. युएफा महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय. वय वीस.

मुग्गोवाल हे तिचं गाव पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यात. शाळेत ती धावायची. तिचा वेग पाहून शिक्षकांनी तिला फुटबॉलकडे वळवलं आणि सरावासाठी ती गावातल्या मुलांमध्ये खेळू लागली. बगलेवरून बचावपटूला मागे टाकणारी तिची आजची धाव पाहताना ती धावपटू लपत नाही.

पण वेग असलेल्या मुली आपल्याकडे कमी नाहीत. शाळा, जिल्हा, राज्य इथवर त्या येतात. पुढे काय, हा खरा प्रश्न. महिलांची इंडियन विमेन्स लीग सुरू झाली ती थेट 2017 मध्ये, आणि कित्येक वर्षं ती एखाद्या शहरात काही आठवड्यांत उरकली जायची. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर रंगणारी लीग यायला 2023-24 चा हंगाम उजाडला. एवढ्या थोड्या सामन्यांवर वर्षाचं पोट कसं भरणार? भारताची मोठी गोलकर्ती बाला देवी मणिपूर पोलिसांत नोकरी करत खेळली. 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सने तिला करारबद्ध केलं, तेव्हा तिशी आली होती. मनीषाला परदेशी क्लबची ती वाट वयाने दहा वर्षं आधी मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

गोकुलमबरोबर तिने 2020 आणि 2022 मध्ये लीग जिंकली. मधल्या काळात, नोव्हेंबर 2021 मध्ये, मनाउसला ब्राझीलशी सामना झाला. पहिल्याच मिनिटाला गोल खाल्लेल्या भारताला आठव्या मिनिटाला मनीषाने बरोबरी साधून दिली. शेवटी ब्राझील 6-1 ने जिंकलं, तरी तो गोल भारतीय फुटबॉल विसरणार नाही.

दोनच महिन्यांत आशियाई चषक आपल्या दारी आला: नवी मुंबई, मुंबई आणि पुणे. डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. मग संघात कोरोना शिरला, चिनी तैपेईविरुद्ध पुरेशा खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमानांचीच स्पर्धा संपली. विश्वचषकाच्या आशाही तिथेच मावळल्या. त्या मुलींसाठी आजही जीव तुटतो.

त्याच वर्षी मनीषा सायप्रसला गेली. 2024 मध्ये ग्रीसच्या पाओकने तिला घेतलं, 2025 मध्ये पेरूच्या अलियान्झा लिमाने. दर नव्या क्लबात नवं स्वयंपाकघर, नवी प्रशिक्षक मंडळी. आणि राष्ट्रीय शिबिराची हाक आली की लांबचा प्रवास करून पुन्हा परत.

जुलै 2025 मध्ये चियांग माईत यजमान थायलंडला 2-1 ने हरवून भारताने 2026 च्या आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून भारतीय महिला तिथे पोचल्या त्या पहिल्यांदाच.