चाकूवरचा ठसा काय सांगतो, आणि काय सांगत नाही

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी एका जुन्या घडीच्या चाकूची नोंद करत होतो. पात्याच्या बुडाशी बनवणाऱ्याचं नाव होतं, खाली ‘शेफिल्ड’. ‘इंग्लंड’ मात्र कुठेच नव्हतं. मी लगेच लिहून टाकलं: ‘१८९१ पूर्वीचा’. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “हा चाकू अमेरिकेत विकायला बनवला होता, हे कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोंद खोडावी लागली.

चूक कुठे झाली ते आधी समजून घेऊ. १८९० च्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्याने अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर तो कोणत्या देशात बनला हे लिहिणं सक्तीचं झालं. १ मार्च १८९१ पासून ही अट लागू झाली. म्हणून ‘इंग्लंड’ असं कोरलेलं असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, हा अंदाज बरा आहे. पण उलटं वाचता येत नाही. इंग्लंडमध्येच किंवा हिंदुस्थानात विकायच्या चाकूवर तो शब्द घालायची अमेरिकन कायद्याची सक्ती नव्हती. म्हणजे शब्द असणं हा पुरावा आहे, नसणं हा पुरावा नाही. तुमचा विषय कोणताही असो, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता ठसे वाचायचे कसे? मी त्यांचे तीन गट करतो.

पहिला गट, ‘याच्या आधीचा नाही’ असं सांगणारे. पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल तर चाकू १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण हॅरी ब्रेअर्लीने शेफिल्डमध्ये ते पोलाद त्या वर्षी तयार केलं. हे ठसे खालची मर्यादा देतात. वरची मर्यादा वेगळी शोधावी लागते.

दुसरा गट, दोन्ही बाजूंनी बांधलेले. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९० यांच्या दरम्यान. पण इथेही सावध राहा. जोसेफ रॉजर्ससारख्या शेफिल्डच्या कंपन्यांच्या चाकूंवर मुकुटासोबत राजाची आद्याक्षरं दिसतात. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया, हे सरळ आहे. ‘जी आर’ म्हणजे मात्र कोणता जॉर्ज? चौथा, पाचवा की सहावा? त्यांच्यात शंभरेक वर्षांचं अंतर आहे. एकट्या ठशावर निर्णय देऊ नका.

तिसरा गट, थेट वर्ष सांगणारे. अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड, पेनसिल्व्हेनियाच्या ‘केस’ कंपनीचं उदाहरण शिकण्यासाठी उत्तम आहे. साधारण १९४० ते १९६४ ‘केस एक्स एक्स’, १९६५ ते १९६९ त्याखाली ‘यू.एस.ए.’. १९७० मध्ये ठशात दहा ठिपके आले आणि दर वर्षी एक कमी होत गेला. सात ठिपके असतील तर १९८० मधून सात वजा करा: १९७३. १९८० मध्ये नावातल्या ‘एस’ अक्षराला विजेसारखा आकार दिला आणि ठिपके पुन्हा दहापासून सुरू झाले. म्हणजे नुसते ठिपके मोजून भागत नाही. तेच सात ठिपके नव्या अक्षरासोबत असतील तर वर्ष १९८३. आधी अक्षराचं वळण बघा, मग मोजा.

पात्यावर आकडेही असतात. ६२५४ मध्ये सहा म्हणजे साधारणपणे हाडाची मूठ, दोन म्हणजे दोन पाती, ५४ हा नमुन्याचा क्रमांक. हातातल्या चाकूची मूठ लाकडी निघाली किंवा पातं एकच निघालं, तर काहीतरी बदललंय. ठसा फक्त पात्याचं वय सांगतो. मूठ दुसऱ्या चाकूचीही असू शकते. १९६४-६५ च्या सुमाराचे असेही चाकू आहेत ज्यांच्या एका पात्यावर जुना ठसा आहे आणि दुसऱ्यावर नवा. तिथे लबाडी नाही, कारखान्यात उरलेली पाती वापरली गेली. पण एकच पातं उघडून बघणारा फसतो. आणि धार लावून, घासून एखादा ठिपका गेला असेल, तर चाकू आहे त्यापेक्षा नवा वाटेल.

म्हणून ठशाला स्वतंत्र साक्षीदार हवा. चांदीच्या पात्याचे फळं कापायचे चाकू यासाठी फार उपयोगी. शेफिल्डचं चांदी तपासणी कार्यालय १७७३ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या छापात वर्षाचं अक्षर असतं. शिवाय १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजा-राणीचं डोकंही उमटवत. अक्षर एक वर्ष सांगतं, डोकं कालखंड सांगतं, आणि दोन्ही जुळले तर निर्धास्त लिहा. बनवणाऱ्याच्या ठशावरून कालखंड ठरवायचा आणि मग त्याच कालखंडावरून बनवणारा ठरवायचा, असं मात्र करू नका. ते स्वतःच्याच शेपटीमागे धावणं झालं.

नोंद करताना मी आता तीन रकाने आखतो: दिसतं काय, त्यावरून ठरतं काय, आणि ते कशामुळे खोटं ठरू शकेल. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तारीख शिसपेन्सिलनेच लिहितो.

त्या पहिल्या चाकूपुढे आज ‘तारीख अनिश्चित’ असं लिहिलेलं आहे. तेव्हा ते लिहायला लाज वाटली होती. आता त्या पानावरची सगळ्यात खात्रीची नोंद तीच आहे.