महागड्या मोटारीतले स्वस्त बेअरिंग

सायकल उलटी उभी करून तिचे पुढचे चाक हाताने फिरवून पाहा. आसात वंगण असेल तर चाक बराच वेळ निमूटपणे फिरत राहते. वंगण सुकले असेल तर कर्रकर्र आवाज येतो. मग दुकानदार आस उघडतो, छर्रे पुसतो, एखादा झिजला असेल तर बदलतो आणि नवे ग्रीस भरून देतो. खर्च अगदी किरकोळ. हाच बिघाड जगातल्या एका नामांकित मोटारीत झाला तर?

ती मोटार म्हणजे जर्मनीची पोर्श ९११. १९६३ साली ती प्रथम फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली. तिचे एंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. कित्येक वर्षे ते हवेने थंड होत असे. १९९७ साली पाण्याने थंड होणारे नवे एंजिन घेऊन जी गाडी आली, तिला जाणकार ‘९९६’ म्हणून ओळखतात. २००५ पर्यंत ती निघत होती. जुन्या बाजारात ९११च्या इतर पिढ्यांपेक्षा हीच बराच काळ स्वस्त मिळत आली आहे. याचे एक कारण म्हणजे तिच्या पोटातले एक लहानसे बेअरिंग!

या एंजिनात सहा सिलिंडर असतात, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, आडवे पहुडलेले. प्रत्येकाच्या झडपा ठरल्या क्षणी उघडायला हव्यात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा. दोन्ही बाजूंना ही गती पोचवण्यासाठी मध्ये आणखी एक दांडा बसवलेला आहे. क्रँकशाफ्ट साखळीने या मधल्या दांड्याला फिरवतो, आणि दांड्याच्या दोन टोकांकडून निघालेल्या साखळ्या दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट फिरवतात.

दांड्याचे एक टोक तेलाच्या पंपाकडे असते. तिथे दाबाखाली तेल सतत येते, म्हणून तक्रार नाही. दुसऱ्या टोकाला मात्र छर्ऱ्यांचे बंद बेअरिंग आहे. आत ग्रीस आणि तोंडाशी रबराची झाकणे, बरेचसे आपल्या छताच्या पंख्यात असते तसे. पण पंख्याभोवती उकळते तेल नसते! एंजिनातले तापलेले तेल हळूहळू झाकणातून आत झिरपते आणि ग्रीस धुऊन नेते. आत शिरलेले थोडेसे तेल तिथेच अडकते आणि शिळे होते. ताजे तेल पुरेसे येत नाही. छर्रा धावपट्टीला केवळ ठिपक्याएवढ्या जागी टेकतो, त्यामुळे तिथला दाब प्रचंड असतो. वंगणाचा पापुद्रा तुटला की पोलादाला सूक्ष्म भेगा पडतात आणि पोपडे निघू लागतात. शेवटी दांडा डगमगतो, साखळी दाते चुकवते, झडपा अवेळी उघडतात आणि वर येणारा दट्ट्या त्यांच्यावर आदळतो. एंजिन निकामी!

बहुसंख्य गाड्यांत असे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. सुरुवातीच्या गाड्यांत छर्ऱ्यांच्या दोन रांगा होत्या. नंतर एकच रांग आली, आणि तेच बेअरिंग अधिक बदनाम झाले. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला. २००१ ते २००५ मधल्या ठरावीक गाड्यांबाबत २०१३ साली तडजोड झाली.

दुरुस्तीचा हिशेब मोठा मजेदार आहे. बेअरिंग मुठीत मावेल एवढे. पण ते बसले आहे फ्लायव्हीलच्या पाठीमागे. तिथे पोचायचे तर आधी गिअरबॉक्स उतरवा, मग क्लच काढा, मग फ्लायव्हील. अमेरिकेत या कामाला सुमारे दोन-तीन हजार डॉलर पडतात, आणि त्यातला मोठा भाग मजुरीचा असतो. म्हणून शहाणा मालक क्लच बदलायचा असतो तेव्हाच बेअरिंगही बदलून घेतो. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचे तेलाचे सील हाही या गाडीचा जुना दुखणाईत भाग. ते त्याच खर्चात उरकते. पण बेअरिंग मोडेपर्यंत थांबलात, तर दुसऱ्या एंजिनासाठी दहा हजार डॉलरच्या पुढची तयारी ठेवावी लागते. त्या मानाने पुढच्या रेडिएटरवर साचणारी पाने म्हणजे काहीच नाही. ती वेळच्या वेळी काढली की झाले!

यावर सिलिकॉन नायट्राइडचे, म्हणजे एका कठीण सिरॅमिकचे, छर्रे असलेली बेअरिंगे निघाली. कोणी तिथे दाबाखाली तेल खेळवून साधे बेअरिंग बसवले. पोर्शने २००८ साली ९११ला नवे एंजिन दिले, तेव्हा मधला दांडाच काढून टाकला. रोग्यालाच हद्दपार केले म्हणा ना!

जुनी गाडी घेणारा जाणकार आधी तेलाची गाळणी कापून उघडतो. घड्यांमध्ये चकाकणारे कण दिसले तर त्यांवर लोहचुंबक धरतो. ॲल्युमिनियम चिकटत नाही, पोलाद चिकटते. कण चिकटले, तर गाडी सुरू करून पाहण्याचाही मोह तो आवरतो.