कोलांटी लवकर, झेप सावकाश

हल्ली मुलांपेक्षा आईबापांनाच घाई फार. मुलाने पाचवे वर्ष ओलांडले रे ओलांडले, की त्याने बुद्धिबळात डाव जिंकावा, गाण्याच्या स्पर्धेत बक्षीस आणावे आणि जमल्यास हवेत दोन गिरक्याही घ्याव्यात! माझी सारी नोकरी बीड जिल्ह्यात शाळकरी पोरांना कवायत आणि कसरत शिकवण्यात गेली. निवृत्त झालो तरी विचारणारे येतातच. मागच्या उन्हाळ्यात अंबाजोगाईला एक गृहस्थ सहा वर्षांच्या कन्येला घेऊन आले. मोबाइलवर तेवढ्याच वयाच्या परदेशी मुलीची कसरत दाखवून म्हणाले, "गुरुजी, ही मागची हवेतली उडी हिला दिवाळीपर्यंत यायलाच हवी."

"तिला काय हवंय, ते विचारलंत का?" मी म्हटले. कन्यारत्न तोवर पेरूच्या झाडावर चढून बसले होते!

पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अवघड कसरती कोवळ्या वयात शिकवाव्यात की नाही?

आमच्या जिल्ह्यानेच याला दोन उत्तरे दिली आहेत. पाटोद्याच्या राहुल आवारेने वडिलांच्या देखरेखीखाली लहानपणीच लाल माती अंगाला लावली. २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. उलट आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर, विशी उलटल्यावर शर्यतींकडे वळला. तरी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे सुवर्णपदक त्यानेच आणले. म्हणजे प्रत्येक खेळाचे घड्याळ वेगळे.

जिम्नॅस्टिक्सचे घड्याळ लवकर सुरू होते, यात शंका नाही. लहान मुलाचे अंग हलके असते, सांधे लवचिक असतात आणि भीती अजून घरात शिरलेली नसते. तोल सांभाळणे, उलटे झाल्यावर वरखाली ओळखणे, हे त्या वयात चटकन अंगवळणी पडते. म्हणून आरंभ लवकर करावा. वाद आहे तो पुढच्या पायरीचा.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कुर्चेची पट्टी असते. हाड तिथून वाढते आणि किशोरवय सरता सरता ती पट्टी भरून येते. तोवर ती नाजूक असते. हातांवर उड्या घेताना सारा भार मनगटावर येतो. तो रोज, तासन्‌तास येत राहिला, तर त्या पट्टीला इजा होते. कंबरेतून मागे वाकण्याचा अतिरेक झाला, तर मणक्यालाही बारीक चीर पडते. हे दुखणे एका दिवसात येत नाही, म्हणूनच ते घातक.

जगानेही हा धडा घेतला आहे. १९७६ साली माँट्रियलला नादिया कोमानेचीने दहापैकी दहा गुण मिळवले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने स्त्रियांची किमान वयोमर्यादा १९८१ मध्ये पंधरा आणि १९९७ मध्ये सोळा वर्षे केली. आपली त्रिपुरेची दीपा कर्माकर पाहा. सहाव्या वर्षी तिने आरंभ केला; पण जिच्या नावानेच छातीत धडकी भरते ती 'प्रोदुनोवा' झेप घेऊन तिने राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, ते २०१४ साली, एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. मधली चौदा वर्षे पाया भरण्याची होती!

आपल्या मल्लखांबाची रीत तरी वेगळी कुठे आहे? दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपाला आणली. जुने वस्ताद साधी अढी पक्की झाल्याखेरीज दसरंगाला हात लावू देत नसत. वय विचारण्याऐवजी ते तयारी पाहत.

जत्रेत डोंबाऱ्याची पोर दोरावरून चालते आणि आपण टाळ्या वाजवतो. तिने ती विद्या पोटासाठी शिकलेली असते. सर्कशीत मुलांना राबवण्यावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंदी आली. जिथून पोटाची सक्ती हटवायची, तिथे आपण हौसेची सक्ती का आणावी?

त्या मुलीला मी शिकवायला घेतले. पहिले तीन महिने ती लोळली, लोंबकळली, भिंतीशी हातांवर उभी राहिली आणि मुख्य म्हणजे पडायला शिकली. वडील दर रविवारी विचारत, "उडी केव्हा?" मी सांगे, "पडणं जमलं की उडी आपोआप येईल."

तेव्हा आईबापांनो, शिकवणी निवडताना आधी जमिनीवरच्या गाद्या पाहा, भिंतीवरची पदके मागाहून. गुरू पाठीवर बसून पाय ताणत असेल किंवा दुखण्याला नखरा म्हणत असेल, तर मुलाला घरी आणा. मुलाचे वय जितके, आठवड्यात तितक्या तासांपेक्षा जास्त सराव नको, असा खेळवैद्यकातला सोपा आडाखा आहे. एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. मनगट वा कंबर दुखते म्हणाले, तर डॉक्टरांना दाखवा. आणि पोटभर जेवू द्या. वजनाच्या धास्तीने पोराच्या ताटातली भाकरी काढू नका.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते खरेच. पण पाळण्यातून उचलून त्याला थेट दांडीवर टांगा, असे काही त्या म्हणीत सांगितलेले नाही!